बाबांनी जुन्या मैत्रिणीशी लग्न केलं तर आईची चाळीस वर्षं खोटी ठरतात?

कृष्णाकाठ
परवा ठाणेकर८६ यांनी लिहिलं की वडील सदुसष्टचे, आईला जाऊन दोन वर्षं झाली, आणि आता कॉलेजातली मैत्रीण (तेव्हा घरच्यांनी लग्न होऊ दिलं नाही, आता तीही विधवा) भेटली म्हणून वडील नोंदणी लग्न करायला निघालेत. ‘म्हणजे आईबरोबर चाळीस वर्षं नुसता गाडा ओढला का?’ हा त्यांचा प्रश्न. खाली बऱ्याच जणांनी ‘या वयात शोभतं का’ म्हणून री ओढली. मी गप्प बसणार होते, पण आता राहवत नाही. कारण दुसऱ्या एका घरातली ‘ती मैत्रीण’ मी आहे.

१९७९ साली आम्ही दोघं सांगलीत विलिंग्डन कॉलेजला होतो. तो लिंगायत, आम्ही मराठा. घरी कळलं आणि त्याच उन्हाळ्यात मला कऱ्हाडला देऊन मोकळे झाले. नवरा भला माणूस होता. शेवटी शेवटी त्याला नाकातल्या नळीतून पेज द्यावी लागायची, ती मीच द्यायचे, आणि त्या दिवसांत मला दुसऱ्या कुणाची आठवणही झाली नाही. तो संसार खरा होता.

तो गेल्यावर मला आई, आजी, वहिनी, बाई म्हणणारे पुष्कळ होते. लग्नात सासरी माझं नाव बदललं होतं. माहेरच्या नावानं हाक मारणारं कुणी उरलंच नव्हतं. एका माजी विद्यार्थी मेळाव्यात कॉलेजातल्या त्या मित्रानं ती मारली. मी विशीत कशी होते हे पाहिलेला जगात एवढाच माणूस शिल्लक होता. आज आमच्या हॉलमध्ये माझ्या पहिल्या नवऱ्याचा फोटो आहे, आणि त्याच्या श्राद्धाला केळीची पानं आणायला मंडईत हाच जातो.

शेजारच्या शिरोळ तालुक्यात हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये ठराव केला. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद. शासनाचं परिपत्रकही निघालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण तीच बाई पुन्हा लग्न करते म्हणाली, की पोटची पोरं विचारणार, ‘आधीचं खोटं होतं का?’

ठाणेकर८६
तुमची गोष्ट तुमच्यापाशी. माझी आई आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जायची, बाबा प्रत्येक वेळी बरोबर असायचे, हे मला मान्य आहे. पण ती गेल्यावर कपाट आवरताना त्यांच्या जुन्या डायरीत या बाईंचं पत्र सापडलं. घड्यांवर फाटलेलं, म्हणजे किती वेळा उघडलं असेल बघा. ते कपाट आई दर दिवाळीला आवरायची. तिनं ते पत्र वाचलं होतं का, हा प्रश्न मला रात्री झोपू देत नाही. त्याचं उत्तर हेरवाडच्या ठरावात आहे का?

वऱ्हाडी_ठेचा
दादा, राग त्या पत्रावर काढू नका, ज्यांनी ते लग्न होऊ दिलं नाही त्यांच्यावर काढा. त्या पिढीत कित्येक लोकांची लग्नं जात पाहून मोडली. माझ्या मामाचंही तसंच. तेव्हा बाप आडवा आला, आता पोरगा आडवा येतोय. माणसानं स्वतःच्या मनानं जगायचं कधी?

ठाणेकर८६
लग्न मोडलं नसतं तर मी जन्मलोच नसतो. आईच्या बाजूनं कुणी बोलणार आहे की नाही इथे?

दादरची_लेक
मी बोलते, आणि त्या दुसऱ्या बाईच्याही बाजूनं बोलते. माझ्या आत्यानं साठीत असंच लग्न केलं. तिचा पहिला मित्र, बायको वारलेली. वर्षाच्या आत त्याला पक्षाघात. मुलं ‘आता तू आहेस ना’ म्हणून निर्धास्त झाली. आत्यानं डायपर बदलले, कूस वळवली, फिजिओथेरपी करून घेतली. तो गेला आणि तेराव्याच्या संध्याकाळी मुलांनी विचारलं, ‘तुम्ही आता कुठे राहणार?’ फ्लॅटला नॉमिनी मोठा मुलगा होता. ती बॅग घेऊन आमच्याकडे आली. विशीतल्या प्रेमाच्या गोष्टी ऐकायला छान, पण साठीत बायकोच्या वाट्याला सेवाच येते.

पक्षकार
आत्याला कुणीतरी फसवलं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो वारसांचा विश्वस्त. मृत्युपत्र नसेल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं पत्नी पहिल्या वर्गाची वारस, मुलांइतकाच वाटा. लग्न साठीत झालं म्हणून वाटा कमी होत नाही.

दादरची_लेक
कागदावर. स्वतःच्याच सावत्र मुलांवर दावा लावायचं बळ त्या वयात कुठून आणायचं?

कोषागार_निवृत्त
एक मुद्दा सगळे विसरताय. पेन्शन. केंद्राच्या नियमात विधवेचं किंवा विधुराचं कुटुंब निवृत्तिवेतन पुनर्विवाह केला की थांबतं. अपवाद मूल नसलेल्या विधवेचा, तोही तिचं दुसरं उत्पन्न मर्यादेच्या आत असेल तर. त्यामुळे भावनेच्या भरात सही करू नका.

कुर्डुवाडी_कामगार
आमच्या ईपीएस-९५ मध्येही (म्हणजे भविष्य निर्वाह निधीवाल्या कामगारांची पेन्शन योजना) तेच, दुसरं लग्न केलं की विधवेची पेन्शन बंद. किमान पेन्शन किती, तर १,००० रुपये, २०१४ पासून तेवढीच. माझ्या बहिणीला एक चांगला माणूस विचारत होता. तिनं हजार रुपयांपायी नाही म्हटलं.

वऱ्हाडी_ठेचा
हजार रुपयांसाठी कुणी लग्न सोडतं का?

कुर्डुवाडी_कामगार
तुमचं पोट भरलेलं दिसतंय. त्या हजारात तिच्या बीपीच्या आणि साखरेच्या गोळ्या येतात. ते पैसे तिच्या नावावर येतात, कुणापुढे हात पसरावा लागत नाही. उद्या हा माणूसही गेला तर बंद पडलेली पेन्शन कोण चालू करून देणार? तुम्ही?

पक्षकार
म्हणूनच बरेच जण लग्न न करता एकत्र राहतात. पुण्यात माधव दामल्यांनी २०१२ साली ज्येष्ठांसाठी लिव्ह-इन मंडळच काढलं.

कृष्णाकाठ
पुण्यात जमत असेल. आमच्या गल्लीत लग्न न करता त्याच्या घरी राहिले असते तर सुनेला पाण्याच्या रांगेत उभं राहणं मुश्कील झालं असतं. रजिस्ट्रारच्या फळ्यावर तीस दिवस आमची नोटीस लागली होती, येणारेजाणारे वाचत होते, तरी मी लग्नच केलं. माझी स्वतःची शिक्षिकेची पेन्शन होती म्हणून करू शकले. आणि हीच खरी मेख आहे. नियम दोघांना सारखा म्हणता, पण बहुतेक पुरुष स्वतःच्या नोकरीची पेन्शन घेतात, ती दुसऱ्या लग्नानं बंद होत नाही. नवऱ्याच्या पेन्शनवर जगतात त्या बायका. त्यानं पुन्हा बाशिंग बांधलं तर काही जात नाही, तिनं बांधलं तर ताट जातं.

कोषागार_निवृत्त
नियमामागे तर्क आहे. नवा नवरा सांभाळेल असं धरलंय.

दादरची_लेक
माझ्या आत्याला कोण सांभाळत होतं, सांगा ना!

कोषागार_निवृत्त
आवाज चढवू नका. बरं, एवढं मान्य करतो की साठीनंतर तो तर्क टिकत नाही. माझ्या टेबलावरून असे बंद झालेले कागद गेलेत, आणि तेव्हा वाईट वाटायचं. यापुढे बोलणार नाही.

ठाणेकर८६
माझ्या प्रश्नाची पेन्शन झाली. निदान एक सांगा. बाबांनी डोंबिवलीची जागा मला आणि बहिणीला मृत्युपत्रानं दिली आहे. लग्न केलं की जुनं मृत्युपत्र आपोआप रद्द होतं म्हणतात.

पक्षकार
हिंदूंचं होत नाही. भारतीय वारसा कायदा, १९२५, कलम ५७ मध्ये स्पष्ट आहे. पण त्या बाईंच्या राहण्याचं काय, हेही त्यात लिहायला सांगा. हयातीपर्यंत राहण्याचा हक्क, पुढे मालकी तुम्हा दोघांची. दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, नोंदणी सक्तीची नाही, तरी करा.

दादरची_लेक
हे मात्र नक्की करा. बाकी तुमचा राग तुमच्यापाशी ठेवा, मला तो कळतो.

कृष्णाकाठ
ठाणेकर, पत्राबद्दल बोलायचं राहिलं. माझ्याकडेही एक होतं, तांदळाच्या डब्यामागे. ते मी संसार मोडून जाण्यासाठी ठेवलं नव्हतं. आपल्याला कुणी एकेकाळी निवडलं होतं, एवढं माहीत असावं म्हणून ठेवलं होतं. तुमच्या आईनं वाचलं असेलही. चाळीस वर्षं शेजारी राहणाऱ्या बाईला नवऱ्याचं बरंच काही ठाऊक असतं, आणि ती त्याला पोरांपुढे उघडं पाडत नाही.

ठाणेकर८६
आईबद्दल तुम्ही ठरवू नका. लग्नाला साक्षीदार म्हणून सही करणार नाही. जेवायला जाईन, बहीण मागे लागली आहे म्हणून. पण पत्राचं बाबांना विचारणार.

कृष्णाकाठ
विचारा. त्या बाईंसमोर नको, आणि लग्नाच्या आधी. नाही सांगितलं तर तगादा लावू नका.

ठाणेकर८६
ते माझं मी बघेन.