मदत हवी आहे: 'क्वेरी आली' हे पेशंटच्या माणसांना मराठीत कसं सांगू?

मी मिरजेतल्या एका रुग्णालयात विमा कक्षात काम करते. कॅशलेसची (म्हणजे रुग्णालयाचं बिल विमा कंपनीने थेट भरायचं, त्याची) कागदपत्रं पाठवायची, टीपीएचे (विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेचे) फोन घ्यायचे, डिस्चार्जच्या दिवशी अंतिम बिल मंजूर करून घ्यायचं, हे सगळं माझ्या टेबलावर. जत, कवठेमहांकाळपासून पार अथणी, रायबागपर्यंतचे पेशंट आमच्याकडे येतात.

दिवसभरात माझ्या तोंडी सर्वात जास्त येणारा शब्द 'क्वेरी'. "तुमच्या फाइलला क्वेरी आलीय" एवढं म्हटलं की समोरच्या माणसाचा चेहरा उतरतो. बऱ्याच जणांना वाटतं क्लेम नामंजूर झाला. काहींना वाटतं, आपण खोटं बोललो असा कंपनीने ठपका ठेवला. परवा एका आजोबांची अँजिओप्लास्टी होती. क्वेरी म्हटल्याबरोबर त्यांचा मुलगा काही न बोलता उठून गेला. नंतर कळलं, बायकोच्या बांगड्या घेऊन सराफाकडे गेला होता. कंपनीने एवढंच विचारलं होतं की रक्तदाबाचा त्रास कधीपासून आहे. ते उत्तर डॉक्टरांनी लिहून दिलं आणि मंजुरी आली. तो मुलगा परत येईपर्यंत बांगड्या गहाण पडल्या होत्या. मला फार वाईट वाटलं.

कक्षाबाहेर लावायला मी मराठीत एक फलक करते आहे. तेव्हा विचारायचं आहे की या शब्दाचा नेमका अर्थ काय, आणि रोजच्या बोलण्यात चालेल असा मराठी शब्द कोणता? 'शंका' लिहिलं तर संशय घेतल्यासारखं वाटतं. 'चौकशी' म्हटलं की पोलीस आठवतात. 'त्रुटी' लिहावं तर फाइलमध्ये चूक आहे असा अर्थ होतो, आणि चूक बहुतेक वेळा नसते.

मुद्रितशोधक
ताई, आमच्या धंद्यात हा शब्द रोजचा आहे म्हणून सांगतो. मूळ लॅटिन क्रियापद 'क्वेरेरे', म्हणजे शोधणे, विचारणे. क्वेश्चन, क्वेस्ट, रिक्वेस्ट, इन्क्वायरी ही सगळी त्याच घरातली. त्याचं आज्ञार्थी रूप 'क्वेरे', म्हणजे 'विचारा'. इंग्रजीतली क्वेरी त्यावरूनच आली.

इंग्रजी प्रुफं वाचताना आजही असंच करतात. एखादं साल किंवा आडनाव खटकलं, तर शोधक ते स्वतः बदलत नाही. समासात प्रश्नचिन्ह करून लेखकाकडे पाठवतो. 'हे असंच आहे ना, एकदा पाहा' एवढाच त्याचा अर्थ. 'क्वेश्चन' कसलाही असू शकतो, परीक्षेतला किंवा तत्त्वज्ञानातला. 'क्वेरी' म्हणजे हातातलं काम पुढे सरकण्याआधी एका ठरावीक जागी मागितलेला खुलासा. तुमच्या फाइलचंही तेच झालेलं असतं.

पुणे_डेटाबेस
आमच्याकडे शब्द तोच, अर्थ थोडा सरकलेला. 'क्वेरी मारली' म्हणजे डेटाबेसकडे माहिती मागितली. डेटाबेसला आज्ञा द्यायची भाषा एसक्यूएल, तिच्यातला क्यू हाच. आयबीएममध्ये चेंबरलिन आणि बॉइस यांनी १९७४ मध्ये ती भाषा मांडली तेव्हा तिचं नाव सिक्वेल होतं. आता तर माहिती बदलणाऱ्या किंवा पुसणाऱ्या आज्ञेलाही लोक सर्रास क्वेरीच म्हणतात, म्हणजे विचारण्याचा भाग उरलाच नाही. तुमच्या फलकासाठी हा अर्थ उपयोगाचा नाही, पण तरुण नातेवाइकांच्या डोक्यात बहुधा हाच असणार.

कोषागारातून_निवृत्त
सरकारी कामात बिल परत आलं की आम्ही 'आक्षेप लागला' म्हणायचो. तो शब्द अजिबात घेऊ नका. आक्षेप म्हणजे समोरच्याने आधीच हरकत घेतलेली असते. 'खुलासा' शब्द चांगला आहे, पण ज्याने नोकरी केली आहे त्याला खुलासा म्हटलं की मेमोच आठवतो. मी 'विचारणा' सुचवीन. "कंपनीकडून विचारणा झाली आहे." शब्द सौम्य आहे, कोणावर बोट ठेवत नाही, आणि पत्रव्यवहारातही चालतो.

'चौकशी'बद्दल तुमचं बरोबर आहे. एसटी स्टँडवरची चौकशी खिडकी आणि चौकशी आयोग, दोन्हीला आपल्याकडे एकच शब्द. ब्रिटिश इंग्रजीत साध्या विचारपूशीला 'ई'ने सुरू होणारी एन्क्वायरी आणि तपासाला 'आय'ने सुरू होणारी इन्क्वायरी, असा फरक बरेच जण पाळतात. १९५२ च्या चौकशी आयोग कायद्याच्या इंग्रजी नावातही 'आय'च आहे.

लेगोसहून
नायजेरियात राहतो म्हणून लिहितो. इथल्या कार्यालयात 'ही गॉट अ क्वेरी' म्हणजे त्याला कारणे दाखवा नोटीस मिळाली! नवीन आलो तेव्हा सहकाऱ्याला सहज म्हणालो, "तुझ्यासाठी माझी एक क्वेरी आहे," तर तो गंभीरच झाला. तेव्हा तुमच्या पेशंटच्या घरच्यांची भीती मला अगदी समजते. शब्द अनोळखी असला की माणूस त्याचा अर्थ सांगणाऱ्याच्या आवाजावरून लावतो.

सोलापूरची_सून
माझ्या सासऱ्यांच्या वेळी मी विमा कक्षासमोरच्या त्याच बाकावर बसले आहे, म्हणून थोडं वेगळं सांगते. 'विचारणा' शब्द छान आहे, पण मला तेव्हा शब्द कळून काही फरक पडला नसता. काय विचारलंय, उत्तर कोण देणार, मी कुठला कागद आणायचा आणि तोवर उपचार थांबणार का, एवढं हवं होतं. "क्वेरी आली" आणि "विचारणा झाली", दोन्हींत मला यातलं काहीच कळत नाही. शब्द कोणताही लिहा, पण त्याच्यापुढे प्रश्न वाचून दाखवा.

विमा कक्ष, मिरज (धागाकर्ती)
सगळ्यांचे मनापासून आभार. सोलापूरच्या ताईंचं म्हणणं मला सर्वात पटलं. मी इतके दिवस शब्द शोधत होते. खरं तर टीपीएकडून येतो तो एका ओळीचा प्रश्नच असतो आणि तो माझ्या स्क्रीनवर समोर असतो. तो तसाच मराठीत सांगायला हवा.

फलकावर 'विचारणा' घेते, पण त्याखाली नेहमीचे प्रश्न लिहिते. मधुमेह किंवा रक्तदाब कधीपासून आहे. या त्रासासाठी पहिल्यांदा कोणाला दाखवलं, त्या डॉक्टरांची चिठ्ठी. अपघात असेल तर एमएलसीची (पोलिसांसाठी केलेल्या वैद्यकीय नोंदीची) प्रत. स्टेंट किंवा सांधा बसवला असेल तर त्याचं स्टिकर आणि बिल. यातलं बरंचसं आमचे डॉक्टर आणि आम्हीच देतो, घरच्यांना फक्त जुनी चिठ्ठी शोधावी लागते.

एक गोष्ट मुद्दाम ठळक लिहिणार आहे. दाखल करताना डॉक्टर विचारतात, "शुगर किती वर्षं?" घाबरलेला माणूस म्हणतो, "लई वर्षं झाली, धा तरी असतील." ते केसपेपरवर '१० वर्षे' असं उतरतं. प्रत्यक्षात निदान चार वर्षांपूर्वीचं असतं आणि पॉलिसी सहा वर्षांची. मग पॉलिसी घेताना हा आजार लपवला का, अशी विचारणा येते, आणि तिचं उत्तर द्यायला जुने रिपोर्ट लागतात. म्हणून अंदाजाने आकडा सांगू नका. जे साल पक्कं माहीत आहे तेच सांगा, नाहीतर रिपोर्ट पाहून सांगतो म्हणा.

ठाणे_विमा
या क्षेत्रात काम करतो, दोन गोष्टी जोडतो. विमा नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा असतो, आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत. त्यामुळे विचारणेचं उत्तर रुग्णालयाकडून लवकर जाणं फार महत्त्वाचं. उत्तर केव्हा पाठवलं, हे नातेवाइकांनी जरूर विचारावं.

दुसरी गोष्ट 'डिनायल'ची. कॅशलेस नाकारली म्हणजे क्लेम कायमचा गेला असं नाही. बिल भरून, सगळे मूळ कागद जोडून परतफेडीचा दावा करता येतो. तोही चुकीच्या कारणाने नाकारला असं वाटलं तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, आणि तिथे समाधान झालं नाही तर विमा लोकपाल. मुंबई आणि पुणे, दोन्हीकडे कार्यालय आहे. फलकावर 'विचारणा', 'मंजूर' आणि 'कॅशलेस नामंजूर' या तिन्हींचा अर्थ शेजारीशेजारी लिहा.

विमा कक्ष, मिरज (धागाकर्ती)
हो, तिन्ही लिहिते. अथणी, रायबागकडच्या लोकांसाठी हाच मजकूर कन्नडमध्येही हवा आहे. इथे कोणी सीमाभागातलं असेल आणि बोलीतलं साधं कन्नड लिहून देऊ शकत असेल, तर कृपया सांगा. सोमवारी फलक छापायला द्यायचा आहे.