ऐरोलीचा फ्लॅट: विकू, बंद ठेवू की भाड्याने देऊ?

नमस्कार मंडळी,

अमेरिकेतल्या आपल्या मराठी मेल-लिस्टवर हळदीकुंकवाच्या निरोपांमध्ये घरचा विषय मधेच आणते आहे, सांभाळून घ्या.

ऐरोलीला आमचा टू बीएचके फ्लॅट आहे. बाबांनी 1997 साली घेतला, पीएफ मोडून. बाबा आता नाहीत. आई दिवाळीपासून तिच्या बहिणीकडे ठाण्यात पाचपाखाडीला राहते, आणि फ्लॅटला कुलूप आहे. 25 डिसेंबर 2025 ला नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला तेव्हापासून एका ब्रोकरचा दर आठवड्याला आईला फोन असतो: आत्ता विकू नका, भाड्यानेही देऊ नका, बंद ठेवा, भाव कुठल्या कुठे जाईल. भाऊ म्हणतो, विकून मोकळे होऊ या. आई काहीच म्हणत नाही. दर शनिवारी ठाण्याहून लोकलने जाते, खिडक्या उघडते, नळ सोडून बघते आणि परत येते. स्वयंपाकघराच्या चौकटीवर आमच्या दोघांच्या उंचीच्या पेन्सिलच्या खुणा आहेत, त्या ती भिंतीला रंग देतानाही पुसू देत नाही.

भाड्याने द्यायची मला भीती वाटते. मावशीच्या नेरुळच्या फ्लॅटमधल्या भाडेकरूने मुदत संपल्यावर पाच महिने घर सोडलं नव्हतं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांची घरं तिकडे आहेत. काय केलंत ते सांगाल का?

— म., न्यू जर्सी

*

म.,

तू माझ्या मुलीच्या वयाची, म्हणून एकेरीत लिहितो.

कोपरखैरण्याचा आमचा फ्लॅट 2003 पासून भाड्याने आहे. त्याचा भाव किती झाला हे बघणं मी केव्हाच सोडलं. राहायला कोण येतं ते बघतो. नवी मुंबईत कुठल्या धंद्याचं बरं चाललंय आणि कुठल्याचं संपत आलंय, हे मला पेपरच्या आधी भाडेकरूंकडून कळत आलं आहे.

पहिलं कुटुंब कराडकडचं. ते गृहस्थ ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कंपनीत शिफ्ट इनचार्ज होते. त्या पट्ट्यातल्या कंपन्या तेव्हा एकामागून एक आवरत होत्या. दीड वर्षात त्यांच्याकडेही व्हीआरएस म्हणजे स्वेच्छानिवृत्ती आली, पैसे हातात पडले आणि घर गावाला गेलं. मी त्या वर्षी आलो तेव्हा माळ्यावर त्यांचे सेफ्टी शूज तसेच होते, टाचा झिजलेले, आत वर्तमानपत्राचा बोळा घालून नीट ठेवलेले. टाकवेनात मला.

2004 च्या शेवटी ठाणे-वाशी लोकल सुरू झाली आणि भाडेकरूच बदलले. कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी करणाऱ्या चार मुली आल्या, दोघी नागपूरच्या, एक इंदूरची, एक रत्नागिरीची. सोसायटीने ठराव केला की बॅचलर चालणार नाहीत. रात्री गाडी सोडायला येते, लोक काय म्हणतील, वगैरे. मी सेक्रेटरींना लांबलचक पत्र लिहिलं की मीही पहिली दोन वर्षं इथे तिघांबरोबर एका खोलीत काढली, मला त्या गोऱ्या मालकिणीने तुमच्यासारखं विचारलं असतं तर मी कुठे गेलो असतो? मुली तीन वर्षं राहिल्या. भाडं एका दिवसानेही चुकलं नाही. आज हे लिहितानाही त्या ठरावाचा राग येतो.

पुढे आयटी. ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये नोकरी करणारं विजयवाड्याचं जोडपं. ते 2016 ला सिअ‍ॅटलला गेले, म्हणजे माझा भाडेकरू माझ्याच वाटेने आला. त्यांच्यानंतरच्यांनी जून 2020 मध्ये घर सोडलं, कारण लॅपटॉप गावाकडूनही चालत होता. फ्लॅट चौदा महिने रिकामा. मेंटेनन्स आणि प्रॉपर्टी टॅक्स मात्र चालू. त्याच काळात सरकारने मुद्रांक शुल्क 5 टक्क्यांवरून सप्टेंबर ते डिसेंबर 2020 साठी 2 टक्क्यांवर आणि पुढे मार्चपर्यंत 3 टक्क्यांवर आणलं, गृहकर्ज 7 टक्क्यांच्या खाली गेलं. भाड्याने राहणाऱ्यांतल्या ज्यांच्याकडे थोडी शिल्लक होती त्यांनी उलवे, तळोजा, कल्याण-शीळ असं जिथे परवडेल तिथे स्वतःचं घर बुक केलं. आम्हा मालकांचे चांगले भाडेकरू असे गेले, आणि त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही.

आता वाशीचं एक कुटुंब आहे. त्यांची सिडकोची, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची जुनी बिल्डिंग, छताचे पोपडे पडत होते, रिडेव्हलपमेंटला गेली. बिल्डर त्यांना भाडं देतो, डिपॉझिट देतो, ब्रोकरेज देतो. अशी शेकडो कुटुंबं एकाच वेळी बाहेर पडली आणि सगळ्यांना शाळेसाठी वाशीजवळच घर हवं. आमच्या बिल्डिंगमध्ये 22 हजारांचं भाडं दोन-अडीच वर्षांत 32 हजारांवर गेलं ते यामुळे. त्यांच्या नव्या बिल्डिंगांच्या चाव्या मिळायला लागल्या की एवढे भाडेकरू एकदम परत जातील. तेव्हा आजचं भाडं कायमचं धरून गणित मांडू नकोस.

आणि गणित असं आहे. फ्लॅट दीड कोटीचा म्हणतात. वर्षाचं भाडं 3 लाख 84 हजार. म्हणजे अडीच टक्के, त्यातून मेंटेनन्स आणि टॅक्स जायचा. त्याच पैशाला बँकेत जास्त सुटेल. भाव वाढतो तो विमानतळाच्या नावाने, कर्ज काढणाऱ्यांच्या जोरावर. भाडं मात्र येणाऱ्या माणसाच्या पगाराच्या पुढे जाऊ शकत नाही. त्यात आपण डॉलरमध्ये मोजणारे. 2007 च्या अखेरीस डॉलर चाळिशीच्या आत होता, डिसेंबर 2025 मध्ये त्याने नव्वदी ओलांडली. रुपयात भाडं दुप्पट झालं तरी आपल्या हातात येईपर्यंत तेवढंच राहतं.

तरीही मी विकलेला नाही. बंद तर कधीच ठेवणार नाही. बंद घराला ओल खाते.

— काका, कनेक्टिकट

*

काकांचं पटलं. पण घरमालक म्हटलं की इथे सगळ्यांच्या डोळ्यांपुढे फ्लॅटवालेच येतात, म्हणून लिहितो.

मी घणसोली गावठाणातला. सिडकोने नवी मुंबईसाठी ज्या 95 गावांच्या जमिनी घेतल्या त्यातलं आमचं एक. शेती गेली, खाडीतली मासळी गेली. जानेवारी 1984 मध्ये आमचे नेते दि. बा. पाटील साहेबांच्या आंदोलनात पाच जणांनी जीव दिला तेव्हा कुठे साडेबारा टक्क्यांचा, म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या तेवढ्या हिश्शाचा विकसित प्लॉट परत मिळण्याचा, रस्ता उघडला. विमानतळाला त्यांचं नाव द्यायचा ठराव राज्याने केला आहे, म्हणून हे इथे सांगावंसं वाटलं. प्लॉट हातात येईपर्यंत लोकांनी राहत्या घराशेजारी खोल्या चढवल्या. त्यांना 'गरजेपोटी बांधलेली घरं' म्हणतात. आमच्या अशा सहा खोल्या आहेत आणि माझ्या आईचं म्हातारपण त्या खोल्यांच्या भाड्यावर चाललं आहे.

रबाळे एमआयडीसीतले कामगार, प्लंबर, सिक्युरिटी गार्ड, रिक्षावाले, डिलिव्हरी करणारी पोरं, कुणी बीडचं, कुणी जौनपूरचं. सोसायटीतला फ्लॅट त्यांना परवडत नाही आणि परवडला तरी मिळत नाही. आई शाळेच्या वहीत भाडं लिहिते. प्रत्येक खोलीला एक पान, तारीख आणि रक्कम, लाईटचं वेगळं. एप्रिल 2020 मध्ये सरकारने सांगितलं की तीन महिने भाडं मागू नका. आईने त्याआधीच मागणं सोडलं होतं, देणार कोण? तिसऱ्या खोलीतला वेल्डर बायकोला आणि दोन मुलांना घेऊन चालत निघाला. जाताना त्याने आईला प्रेशर कुकर आणि टीव्ही आणून दिला, भाड्याच्या बदल्यात ठेवा म्हणाला. आईने कुकर ठेवून घेतला नाही, वाटेत भात लागेल म्हणून त्याच्याच हातात दिला. टीव्हीवर चादर टाकून ठेवली. तो ऑक्टोबरमध्ये आला आणि घेऊन गेला. वहीत त्या पानावर एप्रिल ते सप्टेंबर नुसत्या तारखा आहेत, पुढे काही नाही. तिने ते सहा महिने कधी वसूल केले नाहीत. आमच्याही घरात त्या सहा महिन्यांत मी पाठवत होतो त्यावरच चूल पेटली.

आपण इथून पैसे पाठवतो आणि तो वेल्डर आमच्या खोलीतून जौनपूरला पाठवतो. आमच्या गावात मालक आणि भाडेकरू दोघांचंही घर कुणाच्या तरी बाहेर जाण्यावर चालतं.

— घणसोलीकर, टेक्सास

*

अगं म.,

मी 2019 ला ठाण्यात परत आले, पण लिस्ट सोडली नाही. नौपाड्यात राहते आणि इथल्या चार-पाच जणांचे फ्लॅट बघते, म्हणून कामाचं तेवढं सांगते.

तुझ्या मनातली भीती आपल्या आजोबांच्या काळातली आहे. 1947 च्या बॉम्बे रेंट अ‍ॅक्टने भाडं 1940 च्या पातळीवर गोठवलं आणि भाडेकरू काढणं जवळपास अशक्य केलं. नौपाड्यातल्या माझ्या चुलत सासऱ्यांच्या वाड्यात महिना काही रुपयांवर लोक पिढ्यान्‌पिढ्या राहिले. मालकाने कौलं बदलली नाहीत, कारण बदलायला पैसा भाड्यातून निघतच नव्हता. त्या धाकाने लोकांनी घरं कुलूप लावून ठेवली. 2011 च्या जनगणनेत देशाच्या शहरांमध्ये 1 कोटी 10 लाखांच्या आसपास घरं रिकामी निघाली, आणि त्याच शहरांत माणसं खोली शोधत फिरत होती. मला ही गोष्ट फार लागते.

पण महाराष्ट्राचा नवा भाडे नियंत्रण कायदा 31 मार्च 2000 पासून लागू आहे. लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे ठरावीक काळासाठी घर वापरायला देण्याच्या कराराची मुदत संपली आणि माणूस निघाला नाही, तर कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, आणि उरलेल्या दिवसांचं दुप्पट भाडं मागता येतं. अट एकच, करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. कलम 55 प्रमाणे नोंदणी करणं ही मालकाची जबाबदारी आहे. ती केली नसेल तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध करणं तुझ्यावर. 11 महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही हा आपल्याकडचा जुना गैरसमज आहे, इथे तोही नोंदवावाच लागतो. तुझ्या मावशींचं बहुधा इथेच अडलं असणार, विचारून बघ. खर्च फार नाही: मुदतीतल्या एकूण भाड्यावर आणि डिपॉझिटच्या धरलेल्या व्याजावर पाव टक्का मुद्रांक, आणि शहरात 1,000 रुपये नोंदणी फी.

तू तिकडे असल्याने आईच्या नावाने पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी कर. वकिलातीत साक्षांकित करून मूळ प्रत इकडे पाठव, आणि पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत तिच्यावर मुद्रांक भरायचा, हे विसरू नको.

आता सगळ्यांनी वाचावं असं. मालक एनआरआय असेल तर भाडेकरूने भाड्यातून 30 टक्के आणि सेस मिळून 31.2 टक्के टीडीएस कापून भरायचा असतो. त्यासाठी त्याला टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा आयकर खात्याकडचा नंबर, काढावा लागतो. आपल्यातले काही जण भाडं भावाच्या खात्यावर घेतात आणि भाडेकरूला सांगतच नाहीत. कापला नाही म्हणून नोटीस त्या बिचाऱ्या पगारदार मुलाला येते. असं करू नका. आधीच सांगा, टॅन काढायला मदत करा, सीएची फी तुम्ही द्या. भाडं एनआरओ खात्यात (एनआरआयचं भारतातल्या उत्पन्नासाठीचं खातं) घ्या, रिटर्न भरा. घराच्या उत्पन्नातून दुरुस्तीपोटी 30 टक्के सरसकट वजा होतात, जास्त कापलेला कर परत मिळतो.

मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावेल. ते सर्व्हिस चार्जेसच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. जास्त लावलं तर लेखी विचार.

— ठाण्याची ताई

*

मी घोडबंदर रोडचा फ्लॅट गेल्या वर्षी विकला. उन्हाळ्यात टँकरचं बिल आणि सोसायटीच्या भांडणांचे मेल, दोन्ही इथून झेपत नव्हतं. ज्याला जाऊन बघणारं कुणी नाही त्याने विकावं, असं माझं स्पष्ट मत आहे. म. ताईला भावाचं म्हणणं पटलं तर एवढं लक्षात ठेवा: 23 जुलै 2024 पासूनच्या विक्रीवर नफ्यावर 12.5 टक्के कर आहे, आणि जुन्या खरेदीला इंडेक्सेशन (महागाईप्रमाणे खरेदीची किंमत वाढवून धरणं) घेऊन 20 टक्क्यांचा जो पर्याय निवासी लोकांना ठेवला तो आपल्याला नाही. आयकर खात्याकडून कमी टीडीएस कपातीचं सर्टिफिकेट विक्रीच्या आधी काढा, नाहीतर खरेदीदार सगळ्या रकमेवर टीडीएस कापतो आणि पैसे रिटर्न भरेपर्यंत अडकतात.

— श्री., पेनसिल्व्हेनिया

*

मंडळी,

सगळ्यांचे मेल आईला फोनवर वाचून दाखवले. घणसोलीच्या दादांचा मेल तिने दोनदा वाचायला लावला. मग म्हणाली, वेल्डर परत आला ना, बरं झालं.

आमचं ठरलं, द्यायचा. श्री., तुमचा मुद्दा खरा आहे, पण आमच्याकडे आई आहे आणि तिला शनिवारी जायला ते घर हवं आहे. मावशीलाही विचारलं. ताई, तुमचा अंदाज बरोबर होता, करार नोंदवलेलाच नव्हता. भावाला दोन वर्षांनी पुन्हा बोलू असं सांगितलं आहे. आईने एक कुटुंब बघूनही ठेवलं आहे. मुलगी विमानतळावर ग्राउंड स्टाफमध्ये लागली आहे, नवरा रबाळ्याला कंपनीत आहे, मूळचे लातूरचे. टॅनचं मी त्यांना स्वतः फोन करून सांगितलं, फी आम्ही भरतोय. आईची एकच अट आहे, चौकटीवरच्या खुणांवर रंग मारायचा नाही. त्या मुलीने विचारलं म्हणे, आमच्या लेकाच्या खुणा दुसऱ्या बाजूला केल्या तर चालतील का?

आता एक काम. पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीची मूळ प्रत पुढच्या आठवड्यात वकिलातीतून हातात येईल. या महिन्याअखेर कुणी मुंबईला जाणार असेल तर कृपया कळवा. एक पातळ पाकीट आहे, आई ठाणे स्टेशनला येऊन घेईल.

— म.