ताफा उत्तम आहे म्हणे! मुंबई सिटी एफसीच्या २०२४-२५ च्या मोसमावर थोडं सविस्तर

पश्चिम_किनारा

परवा अनघा_ठाणे यांनी लिहिलं, "ताफा उत्तम आहे. कोच पीटर क्रॅट्कीला हटवा, पुढच्या वर्षी साखळीची शिल्ड आपलीच." खाली सहमतीची रांग लागली. तिथेच उत्तर द्यायला बसलो होतो, पण ते प्रतिसादात मावेना, म्हणून हा धागा.

शनिवारची, १२ एप्रिल २०२५ ची आयएसएल फायनल पाहिलीत ना? मोहन बागानच्या ताफ्यात मिडफिल्डर अपुइया आणि ग्रेग स्टुअर्ट. बंगळुरूच्या ताफ्यात सेंटर बॅक राहुल भेके, नोगेरा आणि परेरा डियाझ. हे पाचही जण २०२३-२४ च्या मोसमात आपले होते. वर्षभरात दोन्ही फायनलिस्टांना माणसं आपण पुरवली, आणि आपण स्वतः कुठे होतो? २९ मार्चला बंगळुरूच्या कांतीरवावर पाच गोल खाऊन घरी. त्यातला पाचवा गोल डियाझचा. तो बघताना माझा घास घशाखाली उतरला नाही.

२०२२-२३ मध्ये या क्लबने २० सामन्यांत ५४ गोल केले होते. २०२३-२४ ला २२ सामन्यांत ४७ गुण, शिल्ड एका गुणाने बागानकडे गेली, आणि महिन्याभरात कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर फायनलमध्ये त्याच बागानला ३-१ हरवून कप आणला. यंदा दोन सामने जास्त खेळून ३६ गुण. सहावा नंबर, तोही साखळीच्या अगदी शेवटी कसाबसा पक्का झालेला. कप जिंकला तेव्हाही कोच क्रॅट्कीच होता. मग बदललं काय? माणसं बदलली!

अपुइया काय करायचा ते नीट बघितलंय का कोणी? सेंटर बॅककडून चेंडू यायच्या आधी तो दोन्ही खांद्यांवरून मागे नजर टाकायचा, आणि चेंडूला पाय लागेपर्यंत वळलेला असायचा. पुढच्या क्षणी पास विंगर छांगतेच्या धावेत. यंदा चेंडू सेंटर बॅक तिरीकडून मेहताबकडे, मेहताबकडून परत तिरीकडे, तिथून गोलकीपरकडे. छांगतेला मिळेपर्यंत त्याच्या अंगावर दोन डिफेंडर उभे. मग लोक म्हणतात छांगतेचा फॉर्म गेला. त्याचा फॉर्म गेलेला नाही, त्याला चेंडू देणारा माणूस गेलाय. व्हॅन निफ, टोरल, कारेलिस ही परदेशी नावं वाईट नाहीत. पण परदेशी खेळाडू मैदानात चारच उतरतात, उरलेले सात भारतीय लागतात. आपण गमावले ते याच सातांतले दोन सर्वांत चांगले, अपुइया आणि भेके.

अनघा_ठाणे

माझं नाव घेऊन धागा काढलात, तर माझं वाक्य तरी पूर्ण द्यायचं. "ताफा प्लेऑफपुरता उत्तम आहे" असं लिहिलं होतं मी. असो.

११ मार्चला त्याच कांतीरवावर त्याच बंगळुरूला आपण २-० हरवलं. तोच ताफा. १८ दिवसांत खेळाडू इतके बिघडतात? बिघडली ती तयारी. पहिला गोल दहा मिनिटांच्या आत, मध्यंतराला ०-२, आणि दुसऱ्या हाफमध्ये आपण तसेच खेळतोय, जणू वेळ भरपूर आहे. बेंचवरून काय बदललं? बाद फेरीचा सामना होता तो, परतीचा लेग नव्हता. हे कोचचं काम नाही तर कोणाचं?

आणि अपुइयासाठी बागानने पैसे मोजले. त्याला जायचं होतं. दोरीने बांधून ठेवणार होतात?

पश्चिम_किनारा

११ मार्चला बंगळुरूचं प्लेऑफ आधीच पक्कं होतं, आपल्याला गुण हवेच होते. एक संघ जीव तोडून खेळत होता. त्या निकालावर ताफ्याची परीक्षा होत नाही.

अपुइयाला जायचं होतं, मान्य. पण त्याच्या पैशात त्याच्या जागेवर कोण आणला? एक नाव सांगा.

मडगांवकर

आणला ना, आमचा ब्रँडन! ब्रँडन फर्नांडिस हा पुढे खेळणारा माणूस, शेवटचा पास आणि फ्री किक यासाठी घ्यायचा. अपुइयाची धावपळ तो करणार नाही, आणि कधी केलीही नाही. फातोर्डा स्टेडियमवर तिकीट फाडणाऱ्याला विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं. एफसी गोवाने हा कप्तान सोडला आणि तरी दुसऱ्या नंबरवर आला, कारण जागा बघून माणसं घेतली. तुम्ही नाव बघून घेतलीत.

बाकी भेकेबद्दल इतकी हळहळ बघून मजा वाटली नाही मला. २०१९ ची गोवा-बंगळुरू फायनल तुमच्याच अंधेरीच्या मैदानात होती. जादा वेळेच्या शेवटी कॉर्नर, आणि तेव्हा बंगळुरूकडून खेळणाऱ्या या भेकेचं डोकं. आमचा कप तिथे गेला. मी स्टँडमध्ये होतो. परतीच्या बसमध्ये रात्रभर कोणी बोललं नाही. पण खेळाडू म्हणून विचाराल तर तो तुम्ही सोडायला नको होता, हे गोंयकार म्हणून नाइलाजाने लिहितो.

पेठेतला_रांगडा

भेकेवरनं एक विचारू का भावांनो? तो मुंबईचा मराठी पोरगा. कप उचलला तेव्हा कप्तान तोच. रियाधला इराकच्या अल कुवा अल जाविया संघाविरुद्ध त्याच्याच हेडरवर जिंकलासा, आशियाई चॅम्पियन्स लीगमधला भारतीय क्लबचा पहिला विजय. आणि त्यालाच सोडलासा. आता तुमच्या ताफ्यात आपली पोरं किती उरली? जयेश राणे आणि आणखी कोण? मोजायला एका हाताची बोटं बी जास्त होतील.

मग तुमचा क्लब सहावा आला काय आन् सोळावा आला काय, आम्हा कोल्हापूरकरांना त्याचं काय? आमच्याकडं शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार अशी तालमींच्या संघांची मॅच असली की पेठा ओस पडत्यात. अनिकेत जाधव इथलाच, सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला देशाकडनं खेळला. तुमची माणसं शोधायला मिझोरामला जात्यात, पुणे-बंगळूर रस्त्याला लागून कोल्हापूर हाय ते दिसत न्हाई.

पश्चिम_किनारा

धागा ताफ्यावर आहे, भाषेवर नाही. अपुइया मिझोरामचा, छांगते मिझोरामचा, बिपिन मणिपूरचा. २०२१ ची फायनल नव्वदाव्या मिनिटाला बिपिननेच जिंकून दिली. त्यांच्यापेक्षा कोणी जास्त मुंबईचा आहे असं मला वाटत नाही. चांगला खेळतो तो आपला.

अनघा_ठाणे

यावर पश्चिम_किनारा यांच्याशी सहमत, पहिल्यांदा आणि बहुधा शेवटचं. आणि रांगडा, शाहू स्टेडियमचं कौतुक सांगताय तर दर मोसमात होणाऱ्या राड्यांचंही सांगा. माझी आत्या तिकडे राहते. एकदा आतेभावाला मॅच बघायला घेऊन गेली, दगडफेक सुरू झाली, पोरगं रडत घरी आलं. कुठल्या क्लबचा माणूस असल्या ठिकाणी खेळाडू शोधायला येईल?

पेठेतला_रांगडा

ताई, एक दिवस बघून आख्ख्या गावाला नाव ठेवू नका. राडा होतो, लपवत न्हाई. जिथं माणसं जीव लावत्यात तिथं होतो. तुमच्या अंधेरीला राडा व्हायला आधी स्टँड भरायला पायजे.

आता माझ्या भाच्याचं सांगतो. सतरा वर्षांचा, डावा पाय असा की बघत राहावं. चाचणीला बोलावलं म्हणून एका मोठ्या क्लबकडं गेला. क्लबचं नाव सांगत न्हाई. रात्रीच्या गाडीनं गेला, सकाळी दोनशे पोरांच्यात उभा केला, वीस मिनिटं खेळवला, तेबी उजव्या बॅकला! डाव्या पायाचं पोरगं! संध्याकाळी "कळवतो" म्हणाले. अजून कळवायलेत. आता तो तालमीकडनं खेळतो आन् सकाळी गोकुळचं दूध पोचवतो. तुमचा ताफा दुबळा का, ह्याचं उत्तर हितं हाय.

पश्चिम_किनारा

भाच्याबद्दल वाईट वाटलं, मनापासून. पण एका चाचणीवरून क्लबच्या बचावात भगदाड का पडलं हे सिद्ध होत नाही.

नारिंगी_पुणेकर

तुम्हा सगळ्यांचं रडगाणं ऐकून संताप येतोय. तुमच्याकडे क्लब तरी आहे! पुण्याचं बघा. पुणे एफसी आय-लीगमध्ये दुसरा आला होता, २०१५ ला बंद. भारत एफसी एक मोसम. डीएसके शिवाजियन्स दोन-तीन वर्षांत गायब. एफसी पुणे सिटीत मार्सेलिन्हो आणि अल्फारो एकत्र खेळत होते तेव्हा बालेवाडीला जाणं म्हणजे सण असायचा. २०१८ ला सेमीफायनल. कांतीरवावर छेत्रीने तीन गोल केले आणि संपलं. म्हणजे कांतीरवाचं दुःख आम्ही तुमच्या आधी भोगलंय. वर्षभराने क्लबच बंद झाला. जागा हैदराबादला गेली, आणि २०२२ ला हैदराबादने कप जिंकला!

माझ्या मुलीच्या खोलीत ती नारिंगी जर्सी अजून आहे. ती विचारते, बाबा, आपला संघ कधी खेळणार? काय सांगू? २०२३ ला तुम्ही आशियाई सामन्यांसाठी बालेवाडी घेतलंत, इराणचा नासाजी आला. गेलो मी, कारण पुण्यात त्या दर्जाचं फुटबॉल पुन्हा कधी दिसणार. तुम्ही ०-२ हरलात. सहाच्या सहा सामने हरलात त्या गटात. तेव्हाच दिसलं होतं की पहिल्या अकरांच्या मागे कोणी नाही. आणि त्यानंतर त्या अकरांतलेही सोडलेत.

जुना_कूपरेज

मंडळी, जरा शांत व्हा. मी मुंबईच्या कूपरेज मैदानावर महिंद्र युनायटेड बघत मोठा झालो. २००५-०६ ला त्यांनी राष्ट्रीय लीग जिंकली तेव्हा नवा मोबाईल गर्दीत हरवला होता आणि त्याचं काही वाटलं नव्हतं. २०१० ला महिंद्र बंद झाला. मग मुंबई एफसी, तो २०१७ ला खालच्या श्रेणीत गेला आणि संपला. भेके याच मुंबईच्या मैदानांवर घडला. रांगडा म्हणतात त्यात एवढं तथ्य आहे, की अशी मुलं घडवणारे क्लब एकामागून एक मेले आणि त्यांची जागा कोणी घेतली नाही.

आता कोचविषयी, कारण अनघाताईंचा मुद्दा कोणी धरून ठेवला नाही. खालिद जमील वर्षानुवर्षं मुंबई एफसीचे कोच होते. नंतर ऐझॉलला आय-लीग जिंकून दिली, त्या संघात हाच जयेश राणे होता. यंदा जमशेदपूरला पाचवं आणलं, आपल्यापेक्षा वर. त्यांचा ताफा आपल्यापेक्षा भारी आहे असं कोणी छातीवर हात ठेवून म्हणेल का? सेमीफायनलपर्यंत नेला त्यांनी. म्हणजे साध्या ताफ्यातून काम काढून घेणारा कोच असतो, आणि तो आपल्या गावात सापडतो.

अनघा_ठाणे

काका, शंभर टक्के! हेच म्हणतेय मी आठवडाभर.

पश्चिम_किनारा

काका, आदर आहे, पण त्या सेमीफायनलमध्ये जमशेदपूरला बाहेर कोणी काढलं? इंज्युरी टाइममध्ये अपुइयाने. खालिद सरांनी मेहनतीने बांधलेला संघ एका चांगल्या खेळाडूच्या एका फटक्यात घरी गेला. याहून स्पष्ट मी सांगू शकत नाही.

मडगांवकर

हे मात्र खरं. नाइलाजाने.

पेठेतला_रांगडा

आणि माझ्या मुद्द्याचं काय? भेके गेला, बदल्यात मराठी पोरगं न्हाई, कुठलंच पोरगं न्हाई. तेहतीस वर्षांचा झाला म्हणून सोडला म्हणत्यात. चौतिसाव्या वर्षी तो फायनल खेळणाऱ्या क्लबात हाय आन् तुम्ही सहावे. अकादमीतनं एक सेंटर बॅक तयार ठेवला असता तर भेके गेल्यावर रडायची पाळी आली नसती. पोरं घडवायला गावाकडं यावं लागतं.

अनघा_ठाणे

बरं. भेकेला सोडणं चुकलं, हे मान्य. तुमच्या धाग्यामुळे नाही, तो रियाधचा हेडर आठवला म्हणून. क्रॅट्की तरीही नको. सुपर कप तोंडावर आहे, बघूच.

नारिंगी_पुणेकर

आणि पुण्याला क्लब द्या. कोणीही द्या.

पश्चिम_किनारा

रांगडा, अकादमीचा मुद्दा मान्य, भाषेचा नाही. कोल्हापुरात माणूस पाठवायला क्लबला काय अडचण आहे ते मलाही कळत नाही. दोनशे पोरांत डावखुऱ्याला उजवीकडे उभा करण्यापेक्षा एक मोसम शाहू स्टेडियमवर बसून बघितलं तर निदान कोण कुठल्या जागेवर खेळतो ते कळेल.

अनघाताई, कोच कोणीही आणा, खालिद सर आले तर मी पहिल्या रांगेत टाळ्या वाजवीन. पण त्याआधी मेहताब आणि छांगते यांना नवे करार द्या, आणि अपुइयाच्या जागेवर चोवीस-पंचविशीतला भारतीय मिडफिल्डर घ्या, फ्री किक मारणारा नव्हे, चेंडू हिसकावून वळणारा. मेहताबवर सगळ्यांचा डोळा आहे. तो बागानला गेला तर नवा कोच पहिल्याच दिवशी तोकडा ताफा घेऊन उभा राहील, आणि वर्षभराने तुम्ही त्यालाही हाकला म्हणाल.