शाळेच्या लॅबमधली लॉगिन स्क्रीन: मराठी की इंग्रजी?

मेधा
डेबियन 12 (लिनक्सचा एक प्रकार), ग्नोम (त्यावरचा डेस्कटॉप), शाळेची सामायिक लॅब. लॉगिन स्क्रीन मराठीतच उघडावी, असं माझं ठाम मत आहे. पाचवीतल्या मुलापुढे पहिल्याच पडद्यावर परकी भाषा कशाला? टर्मिनलवर रूट (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) होऊन 'डीपीकेजी-रिकॉन्फिगर लोकेल्स' चालवा, लोकेलच्या (भाषा-प्रदेशाच्या सेटिंगच्या) यादीत 'एमआर_आयएन यूटीएफ-8', म्हणजे भारतातली मराठी, यावर खूण करा आणि पुढच्या पडद्यावर तेच डीफॉल्ट ठेवा. मग मशीन रीस्टार्ट. चालू सेशनमधून नुसतं जीडीएम (लॉगिन स्क्रीन दाखवणारा प्रोग्राम) रीस्टार्ट करू नका, न साठवलेलं काम जातं.

सदानंद
विरोध. 'लँग' (हे डीफॉल्ट लोकेल जिथे साठतं ते चल) ही एकट्या लॉगिन स्क्रीनची सेटिंग नाही, अख्ख्या सिस्टिमची आहे. ती 'डीफॉल्ट/लोकेल' फाइलीत असते आणि डेबियनमध्ये क्रॉनही (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्राम) तीच फाइल वाचतो. 'डेट' (तारीख) किंवा 'एलएस -एल' (फाइलींची यादी) या कमांडमधून इंग्रजी महिना शोधणाऱ्या बॅकअप स्क्रिप्टला देवनागरी महिना मिळतो आणि ती गप्प अपयशी ठरते. शिवाय ग्राफिक्स बंद पडून टीटीवायवर (नुसत्या अक्षरांच्या कन्सोलवर) जावं लागलं, तर तिथे मराठीऐवजी चौकोन. लिनक्स कन्सोलच्या फाँटात जास्तीत जास्त 512 आकृत्या मावतात आणि जोडाक्षरं जुळवायची सोयच नाही.

मेधा
सदानंदराव, महिना शोधणाऱ्या स्क्रिप्टच्या डोक्यावर 'एलसी_ऑल=सी' (मूळ इंग्रजी मांडणी लावणारी ओळ) असायलाच हवं, लॉगिनची भाषा कुठलीही असो. टीटीवायचं म्हणाल, तर सिस्टिमडीचं (सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रामचं) गेटी युनिट, म्हणजे कन्सोलवर लॉगिन विचारणारी सेवा, स्वतःच लँग काढून टाकतं. चौकोन येतात ते लॉगिन झाल्यावर, कारण पॅम (लॉगिन तपासणारी यंत्रणा) पुन्हा 'डीफॉल्ट/लोकेल' वाचतं. 'प्रोफाइल.डी' (लॉगिन होताच चालणाऱ्या स्क्रिप्टचा फोल्डर) मध्ये एक छोटी फाइल टाका: 'टर्म' या चलाची किंमत 'लिनक्स', म्हणजे कन्सोल, असेल तर लँग 'सी.यूटीएफ-8' (मूळ इंग्रजी लोकेल) करायचं. प्रश्न मिटला.

अनघा
तुम्ही दोघं भाषेवर भांडताय, पण लॅब अडते ती कीबोर्डवर. 'डीफॉल्ट/कीबोर्ड' फाइलीत लेआउट 'यूएस,आयएन' (आधी इंग्रजी, मग देवनागरी) या क्रमानेच हवा. 'आयएन' आधी आला की पासवर्डच्या जागी ठिपके दिसतात, आत मात्र देवनागरी अक्षरं जातात. मूल तोच पासवर्ड पुन्हा पुन्हा मारत बसतं आणि दोष मराठीवर येतो. भाषा मराठी, लेआउट पहिला इंग्रजी. दोन्ही वेगळं ठरवा.

नितीन
मी मेधाताईंच्या बाजूचा. लँग मराठी असलं की फाँटात सोय असेल तिथे 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणं येतात, नाहीतर हिंदी वळणं. मुलं वहीत गिरवतात तेच अक्षर पडद्यावर दिसणं मला फार मोलाचं वाटतं. 'लँग्वेज' (भाषांतरांचा पसंतीक्रम ठरवणारं चल) मध्ये 'एमआर:एचआय:ईएन' (मराठी, हिंदी, इंग्रजी) ठेवा; मराठी भाषांतर नसेल तिथे हिंदी येईल.

अनघा
हिंदी नको. एकाच पडद्यावर 'पासवर्ड टाका' आणि 'रद्द करें' शेजारी आले, तर मूल गोंधळतं. 'एमआर:ईएन' पुरे. आणि एखाद्या खात्यात लॉगिननंतर इंग्रजीच येत असेल, तर त्या खात्याची स्वतःची निवड 'अकाउंट्ससर्व्हिस' (खात्यांची माहिती ठेवणारी सेवा) मध्ये साठलेली असते. ती ग्नोमच्या सेटिंग्जमधून बदला, सिस्टिमची फाइल पुन्हापुन्हा उकरू नका.

सदानंद
मुलांच्या मशीनवर मराठी मान्य. पण लॅबच्या सर्व्हरवर लँग 'सी.यूटीएफ-8' च राहू द्या. डेबियनचा एसएसएच क्लायंट (दूरच्या मशीनवर लॉगिन करणारा प्रोग्राम) आपलं लँग पलीकडे पाठवतो; सर्व्हरवर मराठी लोकेल तयार केलेलं नसेल तर पर्ल (अनेक स्क्रिप्ट ज्यात लिहितात ती भाषा) दर वेळी लोकेल लावता आलं नाही म्हणून इशारे ओकतं. शिक्षकांच्या मशीनवर 'एसएसएच_कॉन्फिग' मधली लँग पाठवणारी 'सेंडएन्व्ह' ची ओळ आधी बंद करा, मगच मराठी लावा.