मदत हवी आहे: छऱ्याच्या रायफलीला अक्रोडाचा नवा दस्ता बसवला, आता छर्रे दोन ठिकाणी लागतात

नमस्कार मंडळी,

गेले चार महिने घरच्या वर्कशॉपमध्ये एकच काम चाललं आहे आणि ते अगदी शेवटी येऊन अडलं आहे. लिहिणं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय दोष कुठे आहे ते तुम्हाला कळणार नाही.

रायफल वडिलांची. ४.५ मिमीची, स्प्रिंगवर चालणारी, नळी खाली मोडून भरायची. नेम धरायला मी तिच्यावरच शिकलो. तिचा बीच लाकडाचा दस्ता मुठीपाशी, जिथे तो सगळ्यात बारीक असतो तिथे, उभा चिरला. एकदा सरस भरून क्लॅम्प लावून जोडला, सहा महिन्यांत पुन्हा उघडला. रायफल अडगळीत टाकायला मन धजेना, म्हणून दस्त्याचं किट मागवलं. त्यात मशीनवर अर्धवट कोरलेला अक्रोडाचा ठोकळा होता, बाहेरून आकार ढोबळ आणि आतली खाच मुद्दाम थोडी अपुरी ठेवलेली. सोबत दस्त्याच्या टोकाची रबरी पट्टी, चापाची कडी आणि स्क्रू. नळी, सिलिंडर, चाप हे जसे होते तसेच जुन्या दस्त्यातून काढून नव्यात बसवायचे होते. त्यांच्या आत मी हात घातलेला नाही आणि घालणारही नाही. आतली स्प्रिंग कायम दाबलेली असते, योग्य साधनाशिवाय उघडली तर माणूस जायबंदी होतो. तेव्हा ‘स्प्रिंगही बदलून टाका’ असं कृपया सुचवू नका.

ठोकळा आल्याबरोबर पटाशी उचलली नाही. दर रविवारी त्याचं वजन करत राहिलो. पहिले काही आठवडे वजन उतरत गेलं, मग काटा एका जागी थांबला. लाकूड खोलीच्या हवेशी जुळलं असं धरून कामाला लागलो.

खाच कोरण्याचं काम मला फार आवडलं, हे सांगायलाच हवं. मेणबत्तीच्या ज्योतीवर पत्रा धरून काजळी जमवली, व्हॅसलीनमध्ये कालवली आणि सिलिंडरच्या खालच्या अंगाला तिचा पातळ हात दिला. सिलिंडर खाचेत ठेवायचा, लाकडी मोगरीने वरून हलकेच ठोकायचं, सरळ वर उचलायचा आणि जिथे काळं उमटलं असेल तेवढंच तासायचं. सुरुवातीला डाग फक्त दोन्ही काठांवर उमटायचे. गोल पटाशीला नीट धार असेल तर ढलपी इतकी पातळ निघते की तिच्यातून उजेड दिसतो, आणि तिच्या एका कडेला काजळीची रेघ राहते. एका संध्याकाळी जेमतेम अर्धा मिलिमीटर काम व्हायचं. असे सतरा-अठरा दिवस गेले.

शेवटचं थोडंसं उरलं तेव्हा मात्र मी रीत बदलली. सिलिंडरपेक्षा किंचित बारीक पाइप घेतला, त्याला १२० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळला आणि खाचेत मागे-पुढे घासून ती गुळगुळीत केली. सिलिंडर खाली बसला, वरून बघितलं तर लाकूड आणि पोलाद यांच्यामध्ये कागदसुद्धा जाईना. मग चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचं अंतर माझ्या हाताला बेतेल असं ३४५ मिमी ठेवलं, गालाची जागा तासली, ओलं फडकं फिरवून रवे उठवले, ३२० नंबरने उतरवले, असं तीनदा केलं. जवसाच्या तेलाचे पाच हात दिले, आतल्या खाचेला एक हात.

आता अडचण.

१० मीटरवर नेमबाजी करतो. त्या अंतरावरच्या स्पर्धेच्या लक्ष्याचा काळा भाग ३०.५ मिमीचा असतो. जुना दस्ता धड होता तेव्हा दहाच्या दहा छर्रे त्या काळ्याच्या निम्म्या भागात मावायचे. आता पाच-सहा एका जागी लागतात आणि बाकीचे त्याच्या खाली उजवीकडे २५ मिमीवर. मधे एकही नाही. दोन वेगळ्या माणसांनी मारल्यासारखे दोन घोस दिसतात. शिवाय ३०-४० छऱ्यांनंतर पुढचे दोन्ही बाजूचे स्क्रू पाव फेरा सैल झालेले असतात.

करून पाहिलेल्या गोष्टी: मागची-पुढची माशी (नळीवरच्या नेम धरायच्या खुणा) घट्ट आहे, हलत नाही. नळीचा सांधा बाजूला हलवून पाहिला, खुळखुळत नाही. छर्रे त्याच डब्यातले, जुन्या दस्त्यात चांगले चालणारे. धरण्याची पद्धतही तीच, म्हणजे वाळूच्या पिशवीवर डावा तळहात उताणा, त्यावर दस्ता नुसता टेकलेला, बोटं न आवळता. स्क्रू जास्त आवळले तर दोन घोस जवळ येतात, पण वीस छऱ्यांत पुन्हा फुटतात, आणि आता स्क्रूच्या डोक्याखालचं लाकूड दबायला लागलं आहे. ते बघून पोटात गोळा येतो.

दोष लाकडात आहे, माझ्या कोरण्यात आहे की स्क्रूंमध्ये? आणि हा दस्ता वाचेल का?

प्रतिसाद

दस्ता वाचेल, त्याची काळजी सोडा. फक्त स्क्रू आवळणं आजपासून बंद करा.

दोन स्वच्छ घोस पडतात याचा अर्थ रायफलीला दस्त्यात बसायला दोन जागा सापडल्या आहेत. माशी किंवा सांधा ढिला असता तर छर्रे सगळीकडे विखुरले असते. स्प्रिंगच्या रायफलीचा धक्का दोन्हीकडे बसतो. पिस्टन पुढे सुटतो तेव्हा रायफल मागे येते, पिस्टन टोकाला जाऊन आदळतो तेव्हा ती पुढे झेपावते. बारूदच्या रायफलीला फक्त मागचा धक्का सोसावा लागतो, हिच्या दस्त्याला दोन्ही. त्यात छर्रा नळीबाहेर पडायच्या आधीच हालचाल सुरू झालेली असते. सिलिंडर एकदा इकडे टेकला, एकदा तिकडे टेकला की नळीचं तोंड बदलतं.

माझा संशय तुमच्या पॉलिश पेपरवर आहे. पाइप मागे-पुढे घासताना हात दोन्ही टोकांना नकळत खाली झुकतो. टोकं जास्त घासली जातात, मधला भाग उंच राहतो. वरून कडा बघितल्या तर काम सुरेख दिसतं, कारण उंचवटा तळाला असतो. तुमचा सिलिंडर बहुतेक त्या उंचवट्यावर सी-सॉसारखा डोलतो आहे.

तपासायचं असं. रायफल रिकामी आहे याची खात्री करा. पुढचे दोन्ही स्क्रू नेहमीइतके आवळा. मग डाव्या हाताच्या बोटाचं टोक सिलिंडरच्या मागच्या टोकाशी असं ठेवा की अर्धं लाकडावर आणि अर्धं पोलादावर येईल. उजव्या हाताने चापाच्या कडीचा, म्हणजे मागचा, स्क्रू हळूहळू सोडा. पोलाद वर उचललेलं बोटाला कळेल, डोळ्याला दिसणार नाही. डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं साधन) असेल तर त्यावर मोजा. ०.०५ मिमीच्या आत असेल तर सोडून द्या, त्याहून जास्त असेल तर दोष तिथेच आहे. मग तीच तुमची काजळी पुन्हा लावा आणि या वेळी फक्त तळ बघा.

एक सांगायचं राहिलं. तपासणी करताना रिकामी रायफल ताणून चाप ओढू नका. पुढे छर्रा नसला तर हवेची उशी तयार होत नाही आणि पिस्टन सरळ सिलिंडरच्या टोकावर आदळतो.

प्रतिसाद

वरच्या निदानाशी सहमत. मी स्क्रूंबद्दल लिहितो, कारण उंचवटा काढला तरी ते सैल होणारच आहेत.

स्क्रूचं डोकं थेट लाकडावर बसलं की प्रत्येक छऱ्यागणिक तंतू थोडे थोडे चेपत जातात. तुम्ही आवळता, ते आणखी चेपतात. याला अंत नाही. पुढच्या दोन्ही स्क्रूंखाली वाटीच्या आकाराचे पोलादी वॉशर बसवा आणि त्यांच्यासाठी लाकडात अचूक खोलगट जागा करा, म्हणजे दाब पसरेल. मागच्या स्क्रूसाठी ॲल्युमिनियमच्या नळीचा तुकडा घ्या. तो दस्त्यातून आरपार जाऊन वर सिलिंडरला आणि खाली चापाच्या कडीला टेकला पाहिजे. आधी मिलिमीटरभर लांब कापा आणि कानशीने उतरवत आणा. स्क्रू आवळला की धातू धातूवर दबतो, लाकडावर ताण येत नाही. स्क्रूचा दांडा नळीच्या आत कुठेही घासता कामा नये, सगळीकडून थोडी फट हवी.

हे झाल्यावर आटे स्पिरिटने पुसून मध्यम ताकदीचं थ्रेडलॉकर (स्क्रू आपोआप सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा चिकट द्रव) लावा. लाल नको, ते काढायला उष्णता द्यावी लागते आणि तुमचं लाकूड जवळच आहे.

आणि जवसाच्या तेलाची फडकी कुठे टाकली? चुरगळून डब्यात ठेवली असतील तर हा प्रतिसाद पूर्ण वाचायच्या आधी उठा. हे तेल सुकताना गरम होतं, गोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेतं. उघड्यावर एकेरी पसरून वाळवायची, मगच फेकायची.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. फडकी बाहेर तारेवर पसरली आहेत.

बोटाची चाचणी केली. मागचा स्क्रू सोडताच सिलिंडर वर आला, बोटाला स्पष्ट कळलं. गेज लावलं तर ०.३ मिमी. काजळीची चाचणी त्याहून बोलकी निघाली. तळाच्या बरोबर मध्यावर एकच डाग, अंगठ्याच्या नखाएवढा, मागच्या बाजूला कोरं लाकूड. अठरा दिवस पटाशीने केलेलं काम मी अर्ध्या तासात पेपरने बिघडवलं. पेपरबद्दल मला कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून हे ठळकपणे लिहून ठेवतो: खाचेचा तळ पेपरने घासू नका.

आता उंचवटा तासला तर सिलिंडर आणखी खाली जाईल आणि कडा वर दिसतील. तेवढं चालेल की मागची बाजू इपॉक्सीने भरावी? आतून तेलाचा एक हात दिलेला आहे, त्यावर इपॉक्सी धरेल का?

प्रतिसाद

तेलावर धरणार नाही. इपॉक्सी आधी आणि तेल नंतर असा क्रम असतो. पण एकच हात आहे, फार आत गेलेला नसेल. मागच्या टेकणीच्या जागेत एक-दीड मिलिमीटर लाकूड पटाशीने उकरून ताज्या तंतूंपर्यंत जा. पृष्ठभाग खडबडीत राहू द्या, गुळगुळीत नको. ॲसिटोनने पुसा, सुकू द्या. मधला उंचवटा धारदार स्क्रेपरने उतरवा, काजळीचा डाग पुसट होईपर्यंतच.

इपॉक्सी भरण्यापूर्वी सिलिंडरला मेणाच्या पॉलिशचे दोन हात द्या आणि प्रत्येक हात सुकल्यावर चोळा. आट्यांची भोकं, खाचा, चापाच्या यंत्रणेच्या फटी सगळं मातकामाच्या चिकणमातीने बुजवा. इपॉक्सी एखाद्या आडव्या खाचेत शिरून घट्ट झालं की रायफल दस्त्यातून निघत नाही, मग दस्ता फोडावा लागतो. हे मी पाहिलेलं आहे. लाकडाच्या कडांना चिकटपट्टी लावा. सिलिंडर वरून सरळ ठेवा, स्क्रू नुसते बोटाने टेकवा. आवळलेत तर तोच ताण कायमचा साच्यात उतरेल. २४ तास हात लावू नका.

धागाकर्ता

तीन आठवड्यांनी परत आलो.

उंचवटा स्क्रेपरने काढला. ॲल्युमिनियमची नळी कानशीने उतरवताना दोनदा जास्त घासली गेली, तिसरा तुकडा जमला. इपॉक्सी भरल्यावर ती रात्र झोप लागली नाही, मेण नीट लागलं असेल का याचाच विचार. दुसऱ्या दिवशी नळीचं टोक धरून वर उचललं तर आधी काहीच हललं नाही. मग दस्त्याच्या खालून मोगरीची एक हलकी थाप दिली, टक असा आवाज झाला आणि सिलिंडर सरळ वर निघाला. इपॉक्सीत त्याचा ठसा आरशासारखा उमटला होता, सिलिंडरवरचा एक जुना ओरखडासुद्धा त्यात दिसत होता. तो ओरखडा माझ्या लहानपणापासूनचा आहे.

आता मागचा स्क्रू सोडला तर गेजचा काटा ०.०२ मिमी हलतो. काल ८० छर्रे मारले. घोस एकच आहे, आणि दहा-दहाच्या आठही कागदांवर काळ्याच्या आत. स्क्रूंच्या डोक्यांवर पेन्सिलने रेघ मारून ठेवली होती, ती जागची हललेली नाही.

स्क्रूच्या डोक्याखाली दबलेलं लाकूड वॉशरच्या खोलगट जागेत निघून गेलं. मात्र डाव्या बाजूला वॉशरच्या बाहेर बारीक चंद्रकोरीएवढा दबलेला भाग अजून दिसतो. तंतू तुटलेले नाहीत, नुसते चेपलेत. ओलं फडकं ठेवून वरून इस्त्री टेकवली तर वाफेने लाकूड वर येतं असं ऐकलं आहे, पण तिथे तेलाचे पाच हात आहेत. आधी तेवढ्या भागातलं तेल खरवडून काढावं लागेल का? कुणी तेल दिलेल्या अक्रोडावर हे केलं असेल तर सांगा.