तंत्रज्ञ मंत्री हवा की मतं मागून आलेला? (अश्विनी वैष्णव यांच्या निमित्ताने)

सत्तरीकर

२००६ साली मुरगाव बंदराच्या उपाध्यक्षपदी ओडिशा केडरचे एक आयएएस अधिकारी आले होते, हे आज गोव्यात फार जणांच्या लक्षात नाही. दोन वर्षं ते इथं होते. मग व्हार्टनला एमबीए, सरकारी नोकरी सोडून आधी जनरल इलेक्ट्रिक, मग सीमेन्स, पुढे गुजरातेत वाहनांच्या सुट्या भागांचा स्वतःचा धंदा. २०१९ ला राज्यसभा आणि जुलै २०२१ मध्ये रेल्वे, दूरसंचार, माहिती तंत्रज्ञान अशी तीन खाती एकदम. अश्विनी वैष्णव. मूळचे जोधपूरचे इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर, नंतर आयआयटी कानपूर.

माझं म्हणणं सरळ आहे. दूरसंचारसारख्या खात्याला त्याची भाषा कळणाराच माणूस हवा. सप्टेंबर २०२१ चा निर्णय बघा. फोनसेवेतून न आलेलं उत्पन्नही ‘एजीआर’मध्ये, म्हणजे ज्या उत्पन्नावर शुल्क मोजतात त्यात, धरून सरकार कंपन्यांकडून शुल्क मागत होतं. २०१९ मध्ये कंपन्या सुप्रीम कोर्टात हरल्या आणि बाजारात दोघंतिघंच उरतील अशी वेळ आली. वैष्णव यांनी खातं घेतल्यावर दोन-अडीच महिन्यांत पुढच्या काळासाठी व्याख्या बदलली आणि थकबाकीला चार वर्षांची मुदत मिळाली. जुलै २०२२ मध्ये बीएसएनएलला १.६४ लाख कोटी, त्याच दिवसांत रेंज न पोचलेल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटी मंजूर झाले. १ ऑक्टोबर २०२२ ला फाइव्ह-जी सुरू झालं. खात्यातल्या बाबूंनी पुढे केलेल्या कागदावर नुसती सही करणाऱ्याच्या हातून हे इतक्या लवकर झालं नसतं.

हे मी दिल्लीकडे बघून लिहीत नाही. आमच्या वाड्यावर स्वस्त धान्याचा दुकानदार अंगठ्याचं मशीन हातात धरून पिंपळाच्या पारापर्यंत चालत जातो, कारण तिथंच रेंजचे दोन दांडे येतात. म्हाताऱ्या बायका एकेक करून पाराशी येतात, अंगठा देतात, परत दुकानाकडे जाऊन तांदूळ घेतात. पावसाळ्यात छत्री मशीनवर धरायची आणि आपण भिजायचं. म्हणून मला खात्यात जाणकार हवा.

डिचोलीचे मास्तर (निवृत्त)

सत्तरीकर, पाराचं वाचून पोटात कालवलं. पण तुमचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं. त्या बायकांनी जाब विचारायचा कुणाला? वैष्णव २०१९ ला ओडिशातून राज्यसभेवर गेले, २०२४ ला पुन्हा गेले, दोन्ही वेळा बिजू जनता दलाच्या पाठिंब्यावर आणि दोन्ही वेळा बिनविरोध. कुणाच्या दारात मत मागायला त्यांना उभं राहावं लागलेलं नाही.

मधू दंडवते फिजिक्सचे प्राध्यापक होते. विद्वत्तेत कुठं कमी होते? पण राजापूरच्या लोकांनी त्यांना लागोपाठ पाच वेळा लोकसभेत पाठवलं. १९७७ ला रेल्वेमंत्री झाले आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी आली. ती सुचायला फिजिक्स लागत नाही. त्या बाकावर रात्र काढणारी माणसं आपली मतदार आहेत, एवढं ठाऊक असावं लागतं. कोकण रेल्वेचा विषय त्यांच्या मागून सुटला नाही, तोही मतदारांनी सोडू दिला नाही म्हणून.

फोंड्याचा अभियंता

मास्तर, दंडवत्यांबद्दल आदर आहेच. पण सह्याद्रीच्या पोटातून ती रेल्वे आणली श्रीधरन यांनी. तेच श्रीधरन २०२१ ला पालक्काडमधून विधानसभेला उभे राहिले आणि ३,८५९ मतांनी पडले. आधार कार्डाची यंत्रणा उभी करणारे नंदन नीलेकणी २०१४ ला बेंगळुरू दक्षिणमधून पडले. मोबाइल कंपनी उभारलेले आणि वैष्णव यांच्याच मंत्रालयात राज्यमंत्री असलेले राजीव चंद्रशेखर २०२४ ला तिरुवनंतपुरममधून पडले. आपण अशा माणसांना मत देत नाही. मग राज्यसभेचा दरवाजाही बंद करायचा का? तो दरवाजा घटनेनंच ठेवलाय.

खारीवाड्याची

खात्याची भाषा कळते म्हणून माणूस लोकांच्या बाजूचाच असेल, हे कुणी सांगितलं? १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याच्या जागी २०२३ चा दूरसंचार कायदा याच मंत्र्यांनी आणला. आणीबाणीच्या नावाखाली सेवा बंद करायचा आणि संदेश अडवायचा अधिकार त्यात सरकारकडेच राहिला. इंग्रजांनी स्वतःसाठी ठेवलेला अधिकार काढायची संधी होती, ती घेतली नाही.

त्याच वर्षीच्या वैयक्तिक डेटा कायद्यानं माहिती अधिकाराचं कलम ८(१)(ञ) बदललं. वैयक्तिक माहिती व्यापक जनहितासाठी देता येईल, अशी जी सोय त्या कलमातच होती, ती काढली. मी स्वतः माहिती अधिकाराचे अर्ज लिहून देते. ‘वैयक्तिक’ हा एक शब्द कार्यालयात किती दारं बंद करतो ते रोज बघते. जनहितासाठी कलम ८(२) आहेच, असं सरकार म्हणतं. ते वापरायला बहुतेकदा अपिलात जावं लागतं हो, आणि अपिलात जायला माणसाकडे दिवस लागतात. हे बदल अडाण्यानं केले असते तर चूक म्हटलं असतं. जाणकारानं केलेत, म्हणून जास्त लागतं.

सत्तरीकर

ताई, कायद्याबद्दल तुमचं बरोबर. मी ते मांडलं नव्हतं, मांडायला हवं होतं.

पण मास्तर, लोकांशी नातं फक्त मतपेटीतूनच जुळतं का? १९९९ च्या महाचक्रीवादळाच्या वेळी हेच वैष्णव ओडिशात बालासोरला होते. अमेरिकी नौदलाच्या संकेतस्थळावरून वादळाची वाट बघत ते मुख्य सचिवांना कळवत राहिले, असं त्यांच्याबद्दल अनेकदा छापून आलंय. तेव्हा त्यांना कुणाचं मत नको होतं.

डिचोलीचे मास्तर (निवृत्त)

त्याच बालासोर जिल्ह्यात २ जून २०२३ ला कोरोमंडल एक्स्प्रेसचा अपघात झाला. २९० हून जास्त माणसं गेली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत सिग्नलच्या कामातल्या चुका निघाल्या. सिग्नल म्हणजे निव्वळ इलेक्ट्रॉनिक्स, मंत्र्यांचा स्वतःचा विषय. ते तिथं तळ ठोकून राहिले, मार्ग सुरू करून घेतला, याचं मोल मी कमी करत नाही. पण १९५६ ला अरियालूरच्या अपघातानंतर लालबहादूर शास्त्रींनी राजीनामा दिला होता. त्यांना सिग्नलचं तंत्र येत नव्हतं. जबाबदारी कुणाची हे कळत होतं.

काणकोणकर

थोडं वेगळं लिहितो. आमच्या ग्रामसभेत टॉवरला विरोध करणाऱ्यांत मीच पुढे होतो. जागा शाळेपासून जवळ होती, माझी मुलगी तेव्हा दुसरीत. लहरींनी कॅन्सर होतो असं मोबाइलवर फिरत होतं. कंपनीचा माणूस आला, नकाशा टेबलावर पसरला, पंचांशी दहा मिनिटं बोलला आणि गेला. आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ठराव विरोधात गेला. चवथीला मुंबईहून भाऊ आला की आता आम्ही सगळे फोन घेऊन नदीच्या साकवावर उभे असतो.

मंत्री आयआयटीचा होता की वकील होता, याचा आमच्या साकवाशी संबंध लागत नाही. त्या दिवशी कुणीतरी बसून समजावून सांगायला हवं होतं.

फोंड्याचा अभियंता

काणकोणकर बाब, टॉवरच्या लहरींसाठी जी आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे, तिच्या दहाव्या हिश्शाइतकीच मुभा भारतात सप्टेंबर २०१२ पासून आहे. प्रत्यक्ष मोजमापही करून घेता येतं. हे तुम्हाला तेव्हा कुणी सांगितलं नाही, हा आमच्याच लोकांचा दोष.

खारीवाड्याची

पर्रीकरांची आठवण कुणीच कशी काढली नाही? १९७८ चे आयआयटी मुंबईचे धातुशास्त्राचे इंजिनिअर, आणि १९९४ पासून पणजीत मतं मागून निवडून येणारे. त्यांच्या राजकारणाशी माझं अनेकदा पटलं नाही. पण भांडायचं तर माणूस समोर सापडायचा.

सत्तरीकर

मास्तर, पर्रीकरांच्या नावाशी मी थोडा थांबलो. जाणकार हवा हे मत सोडत नाही. पण पारावरच्या बायकांनी कुणाला विचारायचं, याला माझ्याकडे उत्तर नाही.

काणकोणकर बाब, येत्या रविवारी आमच्याही ग्रामसभेत टॉवरचा विषय आहे. विरोध करणारे बरेच आहेत, त्यात माझी काकीही आहे. अभियंता बाब, तुम्हाला फोंड्याहून वाळपईपर्यंत यायला जमेल का? मोजमापाचं यंत्र मिळालं तर तेही घेऊन या. सभा सकाळी दहाला. वाळपईपासून पुढे मी स्कूटर घेऊन येतो, कारण तिथून पुढे फोन लागणार नाही.