बजेट गेमिंग पीसी: ही पार्टलिस्ट जुळते का?

रात्रपाळी

१०८०पी वर खेळण्यासाठी नवा पीसी असेंबल करायचा आहे. खेळ दोन प्रकारचे. एक-दोन स्पर्धात्मक शूटर, तिथे १२० च्या पुढे एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) हवेत. बाकी मोठे कथाप्रधान खेळ, तिथे मीडियम-हायवर स्थिर ६० मिळाले तरी पुरे. स्ट्रीमिंग नाही, अधूनमधून क्लिप रेकॉर्ड करेन. विंडोज ११ टाकणार.

आतापर्यंतची यादी:

प्रोसेसर: रायझन ५ ५६००जी
मदरबोर्ड: ए५२० चिपसेटचा, दोन रॅम स्लॉटवाला
रॅम: १६ जीबी डीडीआर४ ३२००, एकच स्टिक, म्हणजे पुढे दुसरी टाकता येईल
ग्राफिक्स कार्ड: आरएक्स ६६००, किंवा पैसे वाचवायचे तर ६५०० एक्सटी
एसएसडी: ५०० जीबी एनव्हीएमई
एसएमपीएस (पॉवर सप्लाय): ७५० वॅट, कॅबिनेटसोबतच येतो
कॅबिनेट: पुढे काच, तीन आरजीबी पंखे

५६००जी आणि ५६०० यांत फरक फक्त आतल्या ग्राफिक्सचा आहे ना? आणि या यादीत पैसे कुठे वाया जातायत, कुठे कमी पडतायत?

चौथा_स्लॉट

फक्त ग्राफिक्सचा नाही, आणि तुमच्या यादीतली निम्मी दुखणी तिथूनच सुरू होतात. कोअर दोघांतही ६, थ्रेड १२. पण एल३ कॅशे (प्रोसेसरमधलीच वेगवान मेमरी) ५६०० मध्ये ३२ एमबी आणि ५६००जी मध्ये १६. शूटरमध्ये एफपीएस वर नेताना प्रोसेसर दर फ्रेमला त्याच त्या डेटाकडे वळतो. तो कॅशेत मावला नाही की रॅमपर्यंत हेलपाटा आला. १२० ची अपेक्षा नेमकी इथे अडते. शिवाय ५६००जी पीसीआयई (प्रोसेसर आणि कार्ड यांच्यातली डेटाची वाट, ती लेनमध्ये मोजतात) ३.० वरच थांबतो, ५६०० ला ४.० आहे. स्वतंत्र कार्ड पहिल्या दिवसापासून लावणार असाल तर ‘जी’साठी पैसे देण्यात काही अर्थ नाही. ५५०० सुद्धा त्याच कुळातला: आतलं ग्राफिक्स बंद, कॅशे १६ एमबी, पीसीआयई ३.०. जवळपास तेवढाच म्हणून कोणी गळ्यात मारत असेल तर हे दोन आकडे आठवा.

आता कार्ड. आरएक्स ६६०० चा कनेक्टर १६ लेनचा दिसतो, पण जोडणी ८ लेनचीच असते. ४.० वर ८ लेन म्हणजे सेकंदाला साधारण १६ जीबीची वाट, ३.० वर तीच ८ जीबी. कार्डाची ८ जीबी मेमरी भरत नाही तोवर हा फरक किरकोळ असतो. भरली की टेक्स्चर सिस्टमच्या रॅममधून याच वाटेने ये-जा करू लागतात आणि मान वळवली की चित्र अडखळतं. सरासरी एफपीएस चांगला दिसतो, खेळताना मात्र दात करकरतात.

६५०० एक्सटी या हिशेबात दोन्हीकडून मार खातो. मेमरी ४ जीबी, म्हणजे लवकर भरणार. लेन ४, म्हणजे भरल्यावरची वाटही अरुंद. त्यात ए५२० आणि ५६००जी दोघेही ३.० वाले, म्हणजे उरली सेकंदाला सुमारे ४ जीबी. वर त्या कार्डात हार्डवेअर व्हिडिओ एन्कोडरच नाही, त्यामुळे तुमच्या क्लिपांचं ओझं प्रोसेसरवर पडेल. यादीतून काढाच.

नावांचा असाच घोळ आरटीएक्स ३०५० मध्ये आहे. ८ जीबीवाला आणि ६ जीबीवाला ही वेगळी कार्डं आहेत. दुसऱ्यात कोअर कमी आणि मेमरी बस १२८ ऐवजी ९६ बिटची. त्याचा गुण एवढाच की साधारण ७० वॅटमध्ये भागतं, म्हणून जादा पॉवर केबल बहुधा लागत नाही. जुन्या ऑफिस पीसीत टाकायला छान, नव्या बिल्डसाठी नाही.

रॅम: एक स्टिक घेऊ नका, ८ च्या दोन घ्या. डीडीआर४ ३२०० ची एक वाहिनी सेकंदाला २५.६ जीबी देते, दोन मिळून ५१.२. सरासरीपेक्षा याचा परिणाम सगळ्यात वाईट १ टक्का फ्रेमवर, म्हणजे झटक्यांवर, जास्त दिसतो. आणि ‘पुढे दुसरी टाकू’ हे कागदावरच सोपं असतं. तोच मॉडेल नंबर घेतला तरी आतल्या चिप वेगळ्या निघू शकतात, मग ३२०० वर अस्थिरता येते आणि २९३३ वर उतरावं लागतं. जमत असेल तर सरळ १६ च्या दोन. ३२०० सीएल१६ आणि ३६०० सीएल१८ (सीएल म्हणजे रॅम उत्तर द्यायला किती सायकल घेते) यांची लेटन्सी सारखीच, १० नॅनोसेकंद. जे स्वस्त मिळेल ते घ्या. ३२०० सीएल२२ मात्र टाळा.

मदरबोर्ड बी५५० करा, पण त्यातला साधा. ५६०० भर लोडवरही ७६ वॅटच्या आसपास थांबतो, त्याला वीज पुरवणाऱ्या बारा फेजचा महागडा बोर्ड घेणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड. चार रॅम स्लॉट, व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज देणारा भाग) निदान एक हीटसिंक आणि मागे बायॉस फ्लॅशबॅकचं (प्रोसेसर चालू न होताही बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर, म्हणजे बायॉस, बदलणारं) बटण, एवढं पाहा. बी५५० वर कार्डाचा मुख्य स्लॉट आणि पहिला एम.२ (एसएसडीचा स्लॉट) हे दोन्ही ४.० चालतात. बी४५० वर ते होत नाही.

वॅटमीटर

कॅबिनेटसोबत येणाऱ्या ‘७५०’ वर कुणी काही बोललंच नाही, म्हणून लिहितो.

डब्यावरचा मोठा आकडा सोडा, बाजूच्या स्टिकरवरची १२ व्होल्टची ओळ वाचा. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही जवळपास सगळी वीज तिथूनच घेतात. १२ व्होल्टवर ३५ अँपिअर लिहिलं असेल तर तो १२ × ३५ = ४२० वॅटचा एसएमपीएस, डब्यावर काहीही छापलेलं असो. धड ५५० वाल्यावर ४५ अँपिअरच्या आसपास दिसतात. दोन १२ व्होल्ट ओळी वेगळ्या दिल्या असतील तर त्यांची बेरीज करू नका, खाली एकत्रित मर्यादा दिलेली असते ती धरा.

तुमची गरज: ५६०० चे ७६, आरएक्स ६६०० चे १३२, बोर्ड-रॅम-एसएसडी-पंखे मिळून ५० ते ६०. म्हणजे २७० च्या घरात. कार्ड क्षणभर उसळी घेतं तेही धरलं तरी चांगला ५५० पुरून उरतो, आणि पुढे २०० वॅटचं कार्ड घेतलंत तरी तोच चालेल. ८० प्लस ब्राँझ हा शिक्का वीज किती वाया जाते एवढंच सांगतो. आतले कपॅसिटर कसे आहेत, ओव्हरकरंट संरक्षण खरंच चालतं का, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी त्या नेमक्या मॉडेलची उघडून केलेली चाचणी शोधा; एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही जमीन-अस्मानाचा फरक असतो.

केबलबद्दल दोन गोष्टी. कार्डाची ८ पिन ६+२ असते आणि प्रोसेसरची ४+४. दोन्हींत १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या ओळी उलट असतात, म्हणून जोर लावून बसवायला जाऊ नका. आणि मॉड्युलर (सुट्या केबलवाल्या) एसएमपीएसच्या केबल दुसऱ्या मॉडेलला लावू नका. एसएमपीएसकडच्या टोकाची पिनरचना ठरलेली नसते. प्लग बसतो आणि एसएसडी जळते. मोलेक्स (जुना ४ पिनचा प्लग) टू ८ पिन अडॅप्टर लागत असेल तर तो एसएमपीएस त्या कार्डासाठी नाही, एवढंच समजा.

उलटतपासणी

सल्ले बरोबर आहेत, पण सगळे एएम४ (५६०० ज्यात बसतो ती सॉकेट) धरून चाललेत. ही सॉकेट संपत आली. दोन-तीन वर्षांनी प्रोसेसर बदलायचा विचार असेल तर आजच एएम५ पाहा: रायझन ५ ७५००एफ, साधा बी६५० आणि डीडीआर५ ६००० सीएल३० च्या १६ च्या दोन स्टिक. शूटरमध्ये ५६०० च्या बराच पुढे जातो, आणि नंतर बोर्ड-रॅम न बदलता नवा प्रोसेसर बसतो. ‘एफ’ आहे, म्हणजे आत ग्राफिक्स नाही हे लक्षात ठेवा. पहिल्यांदा चालू केल्यावर मेमरी ट्रेनिंगमुळे (बोर्ड रॅमशी जुळवून घेतो त्यामुळे) काही मिनिटं स्क्रीन काळी राहते. लोक घाबरून पॉवर बंद करतात आणि ते चक्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

कार्डातही इंटेलच्या आर्क बी५८० चा विचार करा. १२ जीबी मेमरी, १९२ बिट बस.

चौथा_स्लॉट

एएम५ ला माझा विरोध नाही, पण तो फरक कार्डाच्या खिशातून निघणार असेल तर विरोध आहे. ७५००एफ सोबत ६५०० एक्सटी लावण्यापेक्षा ५६०० सोबत आरएक्स ६६०० कथाप्रधान खेळांत केव्हाही पुढे. एकूण बजेटचा ३५ ते ४५ टक्के भाग कार्डाला ठेवून एएम५ बसत असेल तर जरूर घ्या. पूर्णपणे शूटरच खेळणाऱ्याला मी हे गणित उलटं सांगेन.

बी५८० मात्र ५६०० ला लावू नका. त्याचा ड्रायव्हर प्रोसेसरवर जास्त भार टाकतो, त्यामुळे ५६०० सारख्या प्रोसेसरवर काही खेळांत ते कार्ड आपल्या कुवतीच्या बरंच खाली चालतं. रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी बायॉसमधली सोय) बंद असेल तर आणखी वाईट. ७५००एफ किंवा त्यापुढच्या प्रोसेसरसोबत चांगलं कार्ड आहे, आणि १९० वॅटचं आहे हेही हिशेबात धरा.

सेकंडहँड कार्ड कुणी सुचवायच्या आत: आरएक्स ५७०० एक्सटी ताकदीला ६६०० च्या बरोबरीचा आहे, पण त्यात हार्डवेअर रे-ट्रेसिंग (प्रकाशाचे किरण मोजून चित्र काढणं) नाही. काही नवे खेळ त्याशिवाय सुरूच होत नाहीत.

रात्रपाळी

धन्यवाद. बदललेली यादी: ५६००, साधा बी५५० फ्लॅशबॅकसह, ८ च्या दोन ३२०० सीएल१६, आरएक्स ६६००, १ टीबी एनव्हीएमई, ५५० वॅट ब्राँझ, पुढे जाळी असलेलं कॅबिनेट. कार्डाला आता ४० टक्के जातात.

तीन शंका. बोर्ड जुन्या बायॉसचा निघाला तर ५६०० चालू होईल का? एसएसडी ३.० घ्यावी की ४.०? आणि १४४ हर्ट्झ मॉनिटरला एचडीएमआय चालेल का?

वॅटमीटर

एसएसडी: खेळ लोड होण्यात ३.० आणि ४.० मधला फरक हातात घड्याळ धरल्याशिवाय कळत नाही. एसएसडीतली फ्लॅश मेमरी टीएलसी (दर सेलला ३ बिट) आहे की क्यूएलसी (दर सेलला ४ बिट) ते पाहा. क्यूएलसीत कॅशे भरली की मोठा खेळ इन्स्टॉल होताना वेग जुन्या हार्ड डिस्कच्या पातळीवर येतो. पहिल्या एम.२ मध्ये बसवा. बऱ्याच बोर्डांवर दुसरा एम.२ वापरला की दोन साटा पोर्ट बंद होतात.

मॉनिटर: त्याचा एचडीएमआय पोर्ट १.४ चा असेल तर १०८०पी वर १२० हर्ट्झलाच थांबतो. डिस्प्लेपोर्ट लावा. नंतर विंडोजच्या अॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन १४४ निवडा, नाहीतर ६० वरच राहतो. केबल कार्डाला लावा. ५६०० वर बोर्डाचा पोर्ट मुकाच आहे.

चौथा_स्लॉट

जुना बायॉस निघाला तर ५६०० चालू होणार नाही, पण म्हणूनच फ्लॅशबॅक घ्यायला सांगितलं. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा, बायॉसची फाइल मॅन्युअलमध्ये दिलेल्या नावाने त्यात ठेवा. २४ पिन आणि प्रोसेसरची ८ पिन लावा, खूण केलेल्या यूएसबी पोर्टमध्येच ड्राइव्ह घाला आणि बटण काही सेकंद दाबून धरा. दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत वीज जाऊ देऊ नका.

पहिली चाचणी कॅबिनेटबाहेर, बोर्डाच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर करा: प्रोसेसर, कूलर, रॅम, कार्ड, बस. सोबत येणारा व्रेथ स्टेल्थ कूलर स्क्रूने बसतो, त्यामुळे बोर्डावरचे दोन प्लॅस्टिकचे ब्रॅकेट आधी काढावे लागतात. ते काढताना मागची प्लेट हाताने धरून ठेवा, सुटून खाली पडते. पेस्ट आधीच लावलेली असते, वर आणखी लावू नका. चारही स्क्रू समोरासमोरचे असे थोडे थोडे आवळत जा. पुढे कधी कूलर काढायचा झाला तर पीसी दहा मिनिटं गरम होऊ द्या, बंद करा आणि कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवून मोकळा करा. सरळ वर ओढला तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून सोबत येतो आणि पिना वाकतात.

रॅम प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. डिस्प्ले आला नाही तर बोर्डावरचे चार छोटे दिवे पाहा. डीरॅमचा, म्हणजे रॅमचा, पेटून राहिला असेल तर दहातल्या नऊ वेळा स्टिक पूर्ण बसलेली नसते, खटका ऐकू येईपर्यंत दाबा.

बायॉसमध्ये विंडोज टाकायच्या आधी: एक्सएमपी (रॅमचा जाहीर केलेला वेग) चालू, सीएसएम (जुन्या पद्धतीचं बूट) बंद, रिसायझेबल बार चालू, एफटीपीएम (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा सोय) चालू. सीएसएम नंतर बंद करायला गेलात आणि डिस्क एमबीआर (जुन्या पद्धतीने विभागलेली) असली तर विंडोज बूटच होत नाही. सेक्युअर बूटही चालू ठेवा, काही शूटरची अँटी-चीट विंडोज ११ वर त्याशिवाय आत सोडत नाही.

मग दोन तपासण्या. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा वेग ३२०० दिसला पाहिजे. सीपीयू-झेड (प्रोसेसर-रॅमची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) १६०० दाखवेल, तेही बरोबरच, डीडीआर दर सायकलला दोनदा डेटा पाठवते. कार्डाची माहिती देणाऱ्या जीपीयू-झेडमध्ये बस इंटरफेससमोर ८ लेन ४.० दिसायला हवं. कार्ड रिकामं असताना तो आकडा वीज वाचवायला खाली उतरलेला असू शकतो, म्हणून शेजारचं प्रश्नचिन्ह दाबून रेंडर टेस्ट चालू करा आणि मग वाचा. तरीही ३.० च दिसलं तर कार्ड खालच्या स्लॉटमध्ये गेलंय का, ते आधी पाहा.